आतलेबाबांचे अंगठे

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर आतलेबाबा बसले होते आणि रांगेतला एकेक जण त्यांच्यापुढे गुडघे टेकत होता. बाबा त्याला डोळे मिटायला लावत, पापण्यांवर दोन्ही अंगठे ठेवून दाबत आणि विचारत, "दिसला?"

"दिसला! उजेडाची निळी कडी! मधे सोनेरी!" माणूस ओरडे आणि सभागृह गहिवरून जाई.

"बघा! देवळात दगडापुढे जन्म घालवलात. देव आतच बसला होता. मी आपला नुसता दार उघडणारा!"

दाराची किल्ली मात्र बाबांच्याच अंगठ्यात. घरी स्वतः करून बघायची सक्त मनाई, नाहीतर म्हणे ज्योत कायमची विझते.

रांगेत आईमागे धाकटी चुळबुळत उभी होती. घरातली धाकटी म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. कपड्यांच्या कारखान्यात ती शिलाई मशीनवर बसे. आई रोज देवळात जायची तेव्हा ही टिंगल करायची. त्यामुळे देवळाला नावं ठेवणारा बाबा तिला आपल्यातलाच वाटला आणि महिन्यापूर्वी तिनेच आईला पहिल्यांदा इथे आणलं. देवळाच्या विरुद्ध बोलतो तो शहाणाच असणार, असं ती धरून चालली. हीच तिची चूक.

आता आईने काचबिंदूचे थेंब बंद केले होते. "आत उजेड पडल्यावर बाहेरचं औषध कशाला?" असं बाबांनीच सांगितलं होतं. परवा आईने चहाचा कप टेबलावर ठेवला तो कडेबाहेर. कप फुटला, तशी धाकटीची झोप उडाली. पण पहिल्या भेटीत बाबांनी अंगठे दाबले तेव्हा ती कडी तिलाही दिसली होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं?

आज दुपारी काळ्या कापडावर काळा दोरा चालवताना तिचे डोळे चुरचुरले. सुपरवायझरला मनातल्या मनात शिव्या घालत तिने तळहातांनी डोळे खसाखसा चोळले. निळी कडी! मधे सोनेरी! मशीन तसंच सोडून ती आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली.

"डोळ्यामागच्या पडद्याला एकच भाषा येते, उजेडाची," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर उजेड पडो की दाब, तो मेंदूला उजेडच कळवतो. पण तुझ्या आईच्या डोळ्यांत आधीच दाब वाढलेला आहे. त्यावर अंगठे? गेलेली नजर परत येत नाही गं. उरलेली तरी वाचव!"

संध्याकाळी सभागृहात आईची पाळी आली. बाबांचे अंगठे पुढे सरकले आणि धाकटीने त्यांचं मनगट धरलं.

"गुरूला हात लावतेस?"

"तुम्ही माझ्या आईच्या डोळ्याला लावताय ते?" ती लोकांकडे वळली. "ज्यांचे डोळे धड आहेत त्यांनी मिटा. पापणीच्या कोपऱ्यावर बोट ठेवा आणि अगदी हळू, क्षणभर दाबा. मनात देव आणू नका. शेजाऱ्याला एक सणसणीत शिवी द्या."

लोकांनी डोळे मिटले. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अरेच्चा! दिसतंय की!"

"मी सासूला शिवी दिली, तरी दिसलं!"

हशा पिकला. बाबा ताडकन उठले. "हा भ्रम आहे! डोळ्यांचा खेळ आहे!"

"अगदी बरोबर, बाबा. मीही तेच म्हणतेय."

बाबा मागच्या दाराने सटकले. लोक हसत होते, आई मात्र रडत होती. "देवळात नाही म्हणालीस. आता आतही नाही?"

धाकटी तिच्याजवळ बसली. "आहे की नाही, मला ठाऊक नाही गं आई. पण डोळा दाबल्यावर येतो तो देव नव्हे. देवळात जा, नको जाऊ, मी हसणार नाही. तेवढी नजर सांभाळ."

आईने पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "थेंब आणलेस का?"

धाकटीने बाटली काढली. तिथेच मंचाच्या पायरीवर आईने मान मागे टाकली आणि थेंब पडताच पापण्या मिटल्या.

"काही दिसत नाही," ती म्हणाली. "नुसतं चुरचुरतंय."

"औषध आहे ते, आई. चुरचुरणारच."

वाचकहो, देव देवळात शोधा, आत शोधा, नाहीतर शोधूच नका. पण कोणी तो दाखवतो म्हणाला, तर डोळे मिटण्याआधी त्याचे हात कुठे आहेत तेवढं बघून घ्या.