सहीच्या रांगेत दोनदा

रोदेल माकाराएग तोक्योतल्या कॉमिक्स संमेलनाला येणार, हे नीलिमाला दीप्तीच्या फोनवर आलेल्या सूचनेवरून कळलं. लेक जाऊन सात महिने झाले होते. फोनचा पासवर्ड नीलिमाला माहीत नव्हता, तरी ती तो रोज चार्ज करायची.

दीप्ती सतरा वर्षांची. त्सुकुबात वाढलेली, मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देणारी. मार्चमध्ये शाळेतून सायकलवर येताना वळणाऱ्या ट्रकखाली सापडली. माकाराएग या फिलिपिनो चित्रकाराची पुस्तकं तिच्या उशाशी असत. तिलाही तसलंच काढायचं होतं. ‘आधी प्रवेशपरीक्षा, मग हे उद्योग,’ एवढंच नीलिमा म्हणायची.

संमेलनात सहीच्या रांगेत उभं राहून दीड तासाने नीलिमाचा नंबर लागला. माकाराएग साठीचा, किरकोळ अंगाचा माणूस होता.

“नाव कुणाचं घालू?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“दीप्ती.”

त्याचं पेन थांबलं. “त्सुकुबाची दीप्ती?”

नीलिमाने कशीबशी मान हलवली.

“म्हणजे तुम्ही तिची आई!” तो उठूनच उभा राहिला. “दोन वर्षं मला मेलवर चित्रं पाठवत होती. चेहरे सुरेख, पण हात? बोटं म्हणजे नुसत्या भेंड्या! मी तसं सांगायचो तिला. मार्चपासून एक ओळ नाही. रागावलीय का माझ्यावर?”

त्याच्या चेहऱ्याकडे बघून नीलिमाच्या तोंडून निघून गेलं, “नाही, नाही. अभ्यासात आहे. परीक्षा जवळ आलीय.”

“मग ठीक!” तो मनापासून हसला. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याने लिहिलं, ‘परीक्षा झाली की उरलेली पानं पाठव. मी वाट बघतोय.’

स्टेशनवर नीलिमाने ते पुन्हा वाचलं. हा माणूस खरंच वाट बघणार होता. जिन्याखाली सायकलचा स्टँड वाजला की ती अजूनही कान टवकारायची. वाट बघणं काय असतं, ते तिला नव्याने कुणी सांगायला नको होतं. गाडी आली तशी गेली. ती मागे फिरली.

रांग बंद झाली होती. तिथल्या स्वयंसेविकेने हातांची फुली करून दाखवली. नीलिमा वाकून विनवत राहिली, तेव्हा तिने तिला सगळ्यांच्या शेवटी उभं केलं.

“मी मघाशी खोटं बोलले,” टेबलापाशी पोचताच नीलिमा म्हणाली. “दीप्ती नाहीये. मार्चमध्ये अपघात झाला. चौदा तारखेला.”

माकाराएगने पेन खाली ठेवलं. मग त्याने फोन काढून एक मेल शोधली. बारा मार्चची.

“तिने लिहिलं होतं, आई चित्रं काढू देत नाही, तुम्ही तिला समजवा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मी उत्तर दिलं, आईचं बरोबर आहे. वर्षभर चित्रं बाजूला ठेव.” त्याने वर पाहिलं. “तिने वाचलं असेल का हो हे?”

तेरा मार्चच्या संध्याकाळी दीप्तीने आपणहून सगळी पेनं खोक्यात भरून कपाटावर ठेवली होती. वाद नाही, आदळआपट नाही. पोरीला अक्कल आली म्हणून नीलिमाने खुशीत शिरा केला होता. दीप्तीने तो दोन घास खाऊन बाजूला सारला होता.

“वाचलं होतं,” नीलिमा म्हणाली.

हॉल बंद होत असल्याची घोषणा सुरू झाली. माकाराएगने शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली. माणसं स्टॉल आवरत होती, आणि ती दोघं तिथे बसून रडत होती. कोणी कोणाची समजूत घालायची, तेच कळत नव्हतं.