उलटा स्पीकर

वहिनी एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की हात धुऊन लागायची. पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करणारी ही बाई धाकट्या दिराच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायची, आणि त्यासाठी तिने एक जुना अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला. सासूबाईंनी "हे धूड ठेवणार कुठे?" एवढंच विचारलं. धूड खिडकीखाली बसलं.

पण आवाज? जाड तार छेडली की आत कुणीतरी कण्हतंय असं वाटायचं. सरावाच्या वेळी दीर म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण तुमचं काही ऐकूच येत नाही. रविवारीही असंच झालं तर बासचं काम कीबोर्डवाला डाव्या हाताने सांभाळेल." कीबोर्डवाल्याने तेवढ्यात डावा हात नाचवून दाखवला. वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या आठवड्यात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. तो हातचा जाणार म्हणून तिला रडूच येत होतं, पण रडत बसण्यापेक्षा तिने स्क्रूड्रायव्हर घेतला.

आतल्या दोन स्पीकरपैकी एक फाटका निघाला. तो काढून तिने नवा बसवला. खोक्याच्या फटी पडद्याच्या जाड कापडाने बुजवल्या, आत उशीतला कापूस कोंबला. नव्या स्पीकरच्या एका टोकाला लाल ठिपका होता, जुन्याच्याही होता. दुकानातली शिस्तच अशी, की खुणेला खूण जुळवायची आणि मगच शिवण मारायची. तिने दोन्हीकडे लाल वायर लाल ठिपक्याला जोडली आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं.

आवाज पहिल्यापेक्षा वाईट. जाड तारेचा तर पत्ताच नाही!

"नवा स्पीकरच मुका दिसतोय," ती पुटपुटली. तिने वायरी सोडवल्या, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि समोरची जाळी उतरवून सासूबाईंना पुढ्यात बसवलं. स्वतः मागे गेली.

"आई, मी दोन्हींच्या लाल ठिपक्याला सेलचं अधिकचं टोक टेकवते. तो गोल कागद हलतो का बघा."

"हलला की! पुढे आला."

"आता जुना बघा."

"हाही हलला. पण हा मागे गेला गं."

"मागे? नीट बघा ना."

"डोळे शाबूत आहेत माझे. एक पुढे, एक मागे. अबोला धरलेल्या नवरा-बायकोसारखे."

वहिनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक हवा ढकलतोय आणि दुसरा तीच ओढून घेतोय, मग आवाज बाहेर येणार कुठून? जुन्या मालकाने ठिपका भलत्याच टोकाला दिला होता आणि ही शहाणी खुणेवर विसंबून राहिली होती. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली, नव्या स्पीकरच्या वायरी होत्या तशाच आणि जुन्याच्या उलट्या जोडल्या, मागची फळी आवळली आणि जाड तार छेडली.

आवाज जमिनीतून थेट तळपायात चढला. "अगं बाई!" म्हणत सासूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग म्हणाल्या, "परत वाजव." वहिनीने परत वाजवलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. घड्याळात सेल टाकायची आठवण दोघींनाही राहिली नाही.

रविवारी दिराच्या गॅरेजमध्ये पहिलं गाणं सुरू झालं आणि लोखंडी शटर थरथरू लागलं. ड्रमवाला दचकला, मग खूश होऊन दुप्पट जोराने बडवायला लागला. दीर तर दुसरं कडवं गायचंच विसरला. गाणं संपलं.

"आवाज थोडा कमी करू का, भाऊजी?" वहिनीने साळसूदपणे विचारलं.

"खबरदार!" दीर म्हणाला आणि कीबोर्डवाल्याकडे वळला. "आणि तू रे, तो डावा हात खिशात घाल."