दोनशेच्या खाली

फुंकर संपली की मीटरचा लाल काटा जिथे पोचला असेल तिथेच थांबतो. आपोआप खाली येत नाही. पुढच्या फुंकरीआधी बोटाने ढकलून शून्यावर आणावा लागतो. बोटाने खाली ढकलता येतो, म्हणजे वरही ढकलता येतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मीटर माझ्या मुलीचं. वय दहा, घरातलं नाव खारू. श्वास किती जोराने बाहेर पडतो ते त्यावर कळतं. तिच्या उंचीला अडीचशेच्या आसपास यायला हवं. तिला मांजराची अ‍ॅलर्जी आहे आणि त्यातून दमा, हे तपासणीत स्पष्ट झालं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "मांजर घरातून काढा. बाकी सगळी मलमपट्टी."

मांजर माझ्या आईचं. आई गेल्यावर दोन महिन्यांत बाबांनी दोनदा गॅस चालू ठेवून दार ओढून घेतलं, म्हणून मी त्यांना इकडे आणलं. ते एक सूटकेस आणि एक टोपली घेऊन आले. टोपलीत बाईसाहेब. हे नाव आईनेच ठेवलेलं. वय बारा, रंग करडा, निम्मे दात पडलेले.

"ही जाईल तिकडे मी जाईन," तपासणीचा कागद वाचून बाबा म्हणाले. "माझं घर अजून आहे. किल्ली खिशात आहे."

मग मी मधला मार्ग काढला. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे मला सुचला तोही तिथलाच: मर्यादा ठरवायची. सकाळी आणि संध्याकाळी रीडिंग घ्यायचं, वहीत लिहायचं. तीनदा दोनशेच्या खाली गेलं तर बाईसाहेब जाणार. वहीच्या पहिल्या पानावर तिघांनी सह्या केल्या. खारूने सहीशेजारी पंजाही काढला.

गालिचे काढले, पडदे काढले. खारूच्या खोलीचं दार कायम बंद. उशांचे अभ्रे आठवड्यातून दोनदा कढत पाण्यात. फरशीला झाडू नाही, ओलं फडकंच. बाईसाहेबांना रोज गॅलरीत नेऊन ओल्या कापडाने पुसायचं.

"माझ्या लग्नातसुद्धा मला कुणी इतकं पुसलं नव्हतं," बाबा म्हणायचे.

लॅबमध्ये काचसामान धुणाऱ्या मावशींनी एकदा म्हटलं होतं, "द्या की माझ्याकडे. आमच्या गोदामात उंदीर माजलेत." मी घरी सांगितलं, तर बाबा हसले. "हिला बघून उंदीर पोट धरून हसतील." मग टोपली उचलून आपल्या खोलीत घेऊन गेले.

सकाळचं रीडिंग माझ्यासमोर व्हायचं. दोनशे वीस, दोनशे पन्नास, दोनशे दहा, दोनशे चाळीस. संध्याकाळचं खारू शाळेतून आल्यावर पाचला घ्यायची, बाबा शेजारी असायचे, मी साडेसहाला पोचायचे. दोनशे तीस, दोनशे तीस, दोनशे चाळीस, दोनशे तीस.

खऱ्या आकड्यांना एवढी शिस्त नसते. मागच्याच वर्षी मी एका नव्या मुलीची वही याच कारणासाठी परत केली होती. ती नळासमोर न जाता टेबलाशी बसून आकडे भरत होती. ते पकडायला मला पाच मिनिटं लागली. घरची वही मी दोन महिने रोज उघडत होते आणि रोज मिटून ठेवत होते.

गुरुवारी लॅबची वीज गेली, म्हणून मी पाचला घरी आले. बाबा आरामखुर्चीत झोपले होते, बाईसाहेब त्यांच्या पोटावर. खारू गॅलरीत स्टुलावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत वर. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती. मांडीवर मीटर होतं. काटा दोनशे तीसवर.

"पुन्हा फुंक," मी म्हटलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं. मी काटा खाली आणला आणि मीटर तिच्या तोंडाशी धरलं.

एकशे दहा.

दम्याचा पंप दिला. पुन्हा दिला. तिचे ओठ जांभळट दिसायला लागले तशी तिला उचलून मी जिना उतरले. शेजाऱ्यांनी गाडी काढली. बाबा एका पायात चप्पल घालून जिन्यापर्यंत आले आणि तिथेच कठडा धरून उभे राहिले.

खारू दोन दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अर्धा तास उशीर झाला असता तर..." आणि वाक्य पुरं केलं नाही. मी ते स्वतःशी पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी मास्क बाजूला करून खारू म्हणाली, "आई, रागावू नकोस. बाईसाहेब गेल्या की आजोबा जाणार. आणि तिकडे गॅस आहे."

शनिवारी दुपारी माझी बहीण तिच्याजवळ बसली आणि मी घरी आले. बाबा जेवणाच्या टेबलाशी होते, दाढी न केलेले. समोर वही उघडी.

"मी बघत होतो," ते म्हणाले. "ती काटा सरकवायची तेव्हा मी खिडकीकडे बघायचो."

"मीपण वही बघत होते, बाबा."

"तुला कळलं होतं?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त वही मिटली.

"पोरीला आपल्यापेक्षा जास्त काळजी," ते म्हणाले. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मूठ स्वतःकडे, दात माझ्याकडे अशी मुद्दाम ठेवली, की ठेवताना तशी पडली, सांगता येणार नाही. "आता बोल. उगीच गोल गोल फिरवू नकोस."

बाईसाहेब खुर्चीखालून बाहेर आल्या, बाबांच्या पायाला अंग घासून पुन्हा आत गेल्या. टेबलाच्या कडेला करड्या केसांचा एक पुंजका अडकला होता. दोन दिवस ओलं फडकं फिरलं नव्हतं.

"बाईसाहेब उद्या सकाळी लॅबमधल्या मावशींच्या गोदामात जाणार," मी म्हणाले. "तुम्ही राहायचं की जायचं ते तुम्ही ठरवा, बाबा. मी अडवणार नाही."