तीनशे बाराचे सत्तावीस दगड

शांतादेवी मंगळवार पेठेत कांदा चिरत होत्या, तेव्हा कॉलेजातनं फोन आला. अडतीस वर्षांपूर्वी पन्हाळ्यापलीकडच्या एका कपारीत उत्खनन झालं होतं. तिथली अश्मयुगाच्या अखेरची दगडी हत्यारं आता नव्यानं तपासायला काढलेली. तेव्हाच्या माणसांपैकी मागं उरल्या ह्या एकट्याच. पदराला हात पुसले आणि गेल्या की रिक्षानं.

"काकू, हे कुणी केलं ओ?" तपासणी करणाऱ्या रक्षितानं ट्रे पुढं सरकवला. "सत्तावीस दगड आणि सगळ्यांवर एकच नंबर, तीनशे बारा! कुठला कुठल्या थरातला, कसं कळायचं? मोजणीतनं काढूनच टाकते."

शांतादेवींनी एक दगड उचलला. बोटभर पातं, त्यावर काळ्या शाईतलं बारीक अक्षर. सोमेशचं. आकड्यात कधी चुकायचा नाही. सगळे त्याला चित्रगुप्त म्हणायचे. ह्या दगड धुऊन द्यायच्या, तो प्रत्येकावर पुढचा नंबर घालायचा. दोन महिने समोरासमोर बसून कामापलीकडं एक शब्द बोलला असेल तर शपथ!

शेवटी ह्यांनीच तोंड उघडलं होतं. "माझं लग्न ठरलंय." वाटलं, आता तरी म्हणेल, नको करू. तर हा म्हणाला, "बरं झालं की. दे पुढचा." जीव नुसता जळाला. दगडाच्या काळजाचा मेला! डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून त्या घमेल्यात बघत राहिल्या आणि दिवस मावळेपर्यंत मान खाली घालून एकेक दगड देत राहिल्या. संसार झाला, सुना आल्या, पण तो राग काही गेला नाही.

आणि तो हे लिहीत बसला होता. तीनशे बारा. तीनशे बारा. एक दगड जरी उलटून बघितला असता, बाई! आता त्याच्या गावी कुरुंदवाडला जाऊन विचारावं, तर गेल्या श्रावणात माणूसच गेला.

"काढू नको," त्या म्हणाल्या. "सगळे एकाच थरातले हाईत. एका दिवसात, एका घमेल्यातनं निघाले. मी धुतलेत."

"मग लेखी द्यायला लागेल, काकू. चूक कशी झाली, तेही."

शांतादेवींनी चष्मा काढून पुसला. "लिही. नंबर घालणाऱ्याचं लक्ष दगडात न्हवतं."

रक्षिताचं पेन चालू लागलं.

"आणि दगड देणारीनं मान वर केली न्हाय. तेबी लिही."