मी, शून्य व्याजाची मालिशखुर्ची

मी एक मालिशखुर्ची. माझ्यात बसून लोक डोळे मिटतात, तोंड अर्धवट उघडं टाकतात आणि चारचौघांत बिनधास्त घोरतात. त्याचं मला काही वाटत नाही. माणसाचं तोंड हवं तेवढं खोटं बोलतं, पाठीला मात्र तेवढी अक्कल नसते. म्हणून मी माणसं पाठीवरून ओळखते.

कारखान्यात माझ्या पोटात दोन मोटारी बसवल्या, पाठीत रोलर घातले आणि वरून कातडं चढवलं. कातडं म्हणजे रेक्झिन. आपल्यात खोटं कशाला? मग दुकानात काचेजवळ ऐटीत ठेवलं. तिथला विक्रेता येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, "पाच मिनिटं बसून तर बघा! बसायला काय पैसे पडतात?"

पडतात. फक्त ते नंतर कळतं.

मला घेणारा गृहस्थ चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायचा. "हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं?" असं दिवसभर विचारायचा. स्वतःच्या पगाराकडे मात्र त्याने कधी इतक्या बारकाईने पाहिलं नव्हतं. मला घेतलं त्या दिवशी त्याच्या साडूने नवी गाडी घेतली होती आणि याला बळेच बसवून एक फेरी मारून आणली होती. साडूची गाडी मोठी वाईट. ती आपल्याला चालवताही येत नाही आणि पचवताही येत नाही. चष्मेवाला तिच्यातून उतरला तो थेट माझ्या दुकानात शिरला.

घराच्या दारातून मी आत जाईना. शेवटी दारच बिजागरीतून काढावं लागलं. त्याची बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. ती इस्पितळात एक्स-रे काढायची.

"हे काय आहे?"

"तुझ्यासाठीच आणलं. दिवसभर उभी असतेस."

"माझ्यासाठी? मग माझ्या मापाची चप्पल आणायची होतीस."

"अगं, शून्य व्याज आहे!"

"व्याज शून्य आहे. किंमत किती आहे?"

तो रिमोटची बटणं निरखायला लागला. सरळ प्रश्नाला बगल द्यायला रिमोटसारखी वस्तू नाही.

त्या घरात हप्त्यावर आलेली मी एकटी नव्हते. भिंतभर टीव्ही तसाच आला होता, फोन तसाच, आणि समुद्रकाठची एक सहलसुद्धा तशीच. त्या सहलीच्या आता फोटोतल्या टोप्या तेवढ्या उरल्या होत्या. आम्ही सगळ्या सवती त्या एका पगारावर नांदत होतो. एका कार्डाचं देणं तो दुसऱ्या कार्डाने भागवायचा, दुसऱ्याचं तिसऱ्याने. याची टोपी त्याला म्हणतात तसं. फरक इतकाच, की इथे सगळी डोकी त्याचीच होती.

फोन वाजला की त्याचे खांदे कानांपर्यंत चढायचे. मी रोलर फिरवून फिरवून ते खाली आणायचे, की पुन्हा फोन वाजायचा.

"कोण रे?" बायको आतून विचारायची.

"राँग नंबर."

राँग नंबरवाल्यांची आमच्यावर एवढी माया कशी, असं तिला कधीतरी वाटलं असेल. पण नवऱ्यावर विश्वास होता. विश्वास असला की माणूस कमी ऐकतो.

एके दिवशी ती सुट्टीवर असताना दारात वसुलीवाला उभा राहिला. वसुलीवाला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कुणी आडदांड माणूस आला असेल. हा बारका होता, घामाघूम झालेला, जिने चढून कंबर धरलेला. "साहेब नाहीत का? मग जरा टेकतो," म्हणत तो माझ्यात बसला आणि बसताना त्याचा कोपर रिमोटवर पडला. मी थरथरायला लागले आणि माझ्यासकट तोही.

"तु-तु-तुमच्या मि-मिस्टरांचे ह-हप्ते थ-थ-थकलेत, व-वहिनी."

"कसले हप्ते?"

"हि-हिचेच ना! का-का-कार्डांचे वे-वेगळे."

तिने मला बंद केलं. "आता नीट सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा."

त्याने सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने पुन्हा कंबर धरली. मग ओशाळून म्हणाला, "बंद कशाला केलीत? बरं वाटत होतं कंबरेला."

संध्याकाळी चष्मेवाला घरी आला. बायको टेबलाशी बसली होती. हातात भाजी नाही, फोन नाही, काही नाही. रिकाम्या हातांनी बसलेली बायको पाहूनच त्याला कळलं असावं. तो सवयीने माझ्याकडे वळला.

"तिथे बसू नकोस," ती म्हणाली. "फरशीवर बस. तिचे हप्ते नाहीत."

तो फरशीवर बसला.

"दिवसभर मी लोकांच्या आतलं बघते. कुठलं हाड कुठे मोडलंय ते मला लांबून दिसतं. आणि माझ्याच घरात..." मग म्हणाली, "घर मी चालवीन. पण हे तू फेडायचंस. आणि यापुढे राँग नंबर आला तर त्याच्याशी माझ्यादेखत बोलायचंस."

ती त्याला सोडून गेली नाही. तिने माफही केलं नाही. त्यांच्यामधली ती जागा इतकी थंड होती, की माझी उष्णतेची सोय असून उपयोग नव्हता.

मग आला मीटर. हे त्याचं टोपणनाव. टॅक्सी चालवायचा आणि बोलायला लागला की थांबायचा नाही, म्हणून मीटर. तो चष्मा करायला गेला होता. तिथे काय झालं ते पुढे दोघांनीही माझ्यात बसून इतक्यांदा सांगितलं, की मला तोंडपाठ आहे.

"पहिलं स्पष्ट की दुसरं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"डॉक्टर, सगळ्यात स्वस्त फ्रेम कुठली ते आधी स्पष्ट करा."

तेवढ्यात चष्मेवाल्याच्या खिशात फोन गुरगुरला. त्याने न बघता तो कापला.

"दिवसातून किती वेळा येतो?" मीटरने विचारलं.

"कुणाचा?"

"माझ्यापुढे नाटक नको, डॉक्टर. मीही असाच कापतो. कापून कापून अंगठ्याला घट्टा पडलाय."

मीटरने कर्ज काढून दुसरी टॅक्सी घेतली होती आणि मेव्हण्याला चालवायला दिली होती. मेव्हण्याने ती चालवली, पण थेट भिंतीवर. टॅक्सी गेली, हप्ते राहिले. "मेव्हणापण राहिला," मीटर म्हणायचा. "आमच्याच घरी."

ते दोघं आधी टॅक्सीत बसून बोलायचे. मग मीटरने त्याच्या टॅक्सीतल्या नेहमीच्या प्रवासी हेडबाईंना आणलं आणि मंडळी आमच्या बैठकीच्या खोलीत जमायला लागली. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी स्वतःसाठी कधी कर्ज घेतलं नव्हतं. नात्यातल्या अर्ध्या लोकांना त्या जामीन राहिल्या होत्या. शाळेभर दरारा असलेल्या या बाईला 'नाही' एवढा एक शब्द येत नव्हता.

आठवड्यातून एक संध्याकाळ भेटायचं. आठवडाभर जे झालं ते खरं सांगायचं. विचारल्याशिवाय शहाणपण शिकवायचं नाही. आणि काही झालं तरी आपापसात उसने पैसे द्यायचे नाहीत. कर्जबाजाऱ्याने कर्जबाजाऱ्याला उसने देणं म्हणजे बुडत्याने बुडत्याच्या गळ्यात पडणं, असं हेडबाईंनी बजावलं होतं. ज्याचा आठवडा सगळ्यात वाईट गेला, त्याला मी मिळायचे.

झालं! वाईट आठवड्यावरून भांडणं सुरू झाली.

"माझं इंजिन बसलं!"

"अरे, माझ्या चुलतभावाने पुन्हा फोन केला."

"इंजिनापुढे चुलतभाऊ म्हणजे काहीच नाही, हेडबाई."

"तुला माझा चुलतभाऊ माहीत नाही."

दुःखाचा असा लिलाव मी दुसरीकडे ऐकला नाही. पण हसताना त्यांच्या पाठी सैल व्हायच्या. माझे रोलर जे करू शकले नव्हते, ते मीटरच्या इंजिनाने केलं. बायको आत भांडी घासताना आधी नुसती ऐकायची. मग मधूनच हसू यायचं तिला, आणि ते दाबायला ती भांडं जोरात आपटायची. एके दिवशी ती चहा घेऊन बाहेर आली आणि परत आत गेलीच नाही.

हेडबाईंना 'नाही' म्हणायची शिकवणी सुरू झाली. मीटर गरजू नातेवाईक व्हायचा.

"मावशी, फक्त एक सही हवी होती."

"नाही."

"वा! जोरात म्हणा!"

"नाही! ...पण कशासाठी हवी होती रे?"

सगळे कपाळाला हात लावायचे.

सुरुवातीचा उत्साह हा पाहुण्यासारखा असतो. पोटभर बोलतो आणि निघून जातो. पुढे उरतो तो नुसता कंटाळा. कर्ज फेडणं दाढी करण्यासारखं आहे. रोज केली तर कुणी बघत नाही, एक दिवस चुकली तर सगळे विचारतात. चष्मेवाला महिनोन्‌महिने डबा नेत होता, चालत जात होता, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या दुकानात नजरा तपासत होता. आणि एके दिवशी माझ्यात बसून म्हणाला, "बस झालं. फेडून फेडून मी तिथंच आहे. उद्या जाऊन मस्तपैकी नवा फोन घेतो."

मीटर म्हणाला, "घ्या की. फक्त पुढच्या बैठकीला आम्हाला दाखवायला आणा."

चष्मेवाल्याने फोन घेतला नाही. त्या एका दाखवण्याच्या कल्पनेनेच त्याची पाठ लाकूड झाली होती. पण मनातून तो सुटत चालला होता, हे मला कळत होतं. बैठकीला यायचा, बोलायचा, तरी पाठ माझ्यावर टेकायचीच नाही. उठून जाणाऱ्या माणसाची पाठ तशी असते.

तेवढ्यात हेडबाईंवर संकट आलं. ज्या भाच्याला त्या जामीन होत्या, त्याने हप्ते भरणं बंद केलं आणि बँकेने हेडबाईंना धरलं. त्या आल्या त्या उभ्याच राहिल्या.

"मला उसने हवेत," त्या म्हणाल्या. "पेन्शन झाली की परत करते. तुमच्याशिवाय कुणाला मागू?"

मीटरच्या खिशात त्या दिवशी पैसे होते. त्याने मोठं भाडं मिळाल्याचं नुकतंच फुशारून सांगितलं होतं. त्याचा हात खिशाकडे गेला.

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

"काय?"

"नाही, हेडबाई. पैसे मिळणार नाहीत. बाकी काय हवं ते सांगा. बँकेत येतो, भाच्याकडे येतो. पैसे नाहीत."

हेडबाईंचा आवाज एकदम शाळेतला झाला. "तू मला नाही म्हणतोस? मला?" पर्स उचलून त्या निघून गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपला वाजत खाली गेल्या. चष्मेवाला माझ्यात कोसळला तेव्हा त्याचं सगळं अंग कापत होतं आणि मी तर चालूही नव्हते.

"बरोबर केलंस," बायको म्हणाली.

"बरोबर वाटत नाहीये."

"बरोबर केल्यावर लगेच बरं वाटतं, असं कुणी सांगितलं तुला?"

पुढच्या बैठकीला हेडबाई आल्या नाहीत. चष्मेवाला त्यांच्या घरी गेला, त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा गेला, तर आतून आवाज आला, "मी घरी नाही." हे त्याने परत येऊन सांगितलं, तेव्हा बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. "खोटंसुद्धा धड येत नाही त्यांना," ती म्हणाली, डोळे पुसले आणि चपला घातल्या. "चल, मी येते."

दोघं मिळून गेले. दाराबाहेर पायरीवरच बसून राहिले. शेवटी हेडबाईंनाच शेजाऱ्यांची लाज वाटली. बायकोने रजा काढली आणि त्यांच्याबरोबर बँकेत गेली. तिथे बसून दोघींनी हप्ता लहान करून घेतला, मुदत वाढवून घेतली. त्या धावपळीत चष्मेवाला आपण सगळं सोडून देणार होतो हे विसरूनच गेला. दुसऱ्याला हाताला धरून उठवायचं, तर आधी आपल्याला उभं राहावं लागतं.

पुढच्या बैठकीला हेडबाई आल्या. मागे एक चांगला पोक्त माणूस होता, सुटलेलं पोट, ओशाळं हसू.

"हा माझा भाचा," त्या म्हणाल्या. "कर्ज याचं, सही माझी. आजपासून हा इथे येणार. काय रे, येणार ना?"

"मावशी, मला आज जरा काम..."

"नाही," हेडबाई म्हणाल्या.

असा 'नाही' त्या खोलीने कधी ऐकला नव्हता. भाचा मुकाट्याने बसला. मीटर उठून टाळ्या वाजवायला लागला आणि मग सगळेच वाजवत सुटले. एकट्या भाच्याला कळेना की टाळ्या कशाबद्दल.

त्यानंतर बरेच दिवस गेले. मीटरचं कर्ज आधी फिटलं, तरी तो येतच राहिला. आणि मग एका साध्याशा संध्याकाळी चष्मेवाला घरी आला, बूट काढले, माझ्यात बसला. त्याची पाठ माझ्यावर अशी पसरली, की मी क्षणभर ओळखलंच नाही.

"संपलं," तो म्हणाला.

"दूध ना?" बायको आतून म्हणाली. "सकाळीच सांगितलं होतं तुला."

"दूध नाही गं. कर्ज."

आतला नळ बंद झाला. ती ओल्या हातांनी बाहेर आली आणि माझ्या हातावर टेकली. तिने आपला ओला हात त्याच्या मानेवर ठेवला. मी चालू नव्हते, आणि कुणाला माझी आठवणही झाली नाही. खरं सांगते, मला राग आला नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता दूध आण."

तो पिशवी घेऊन गेला.

आता माझी एक मोटार बंद पडली आहे, रेक्झिन कोपऱ्यांवर सुटलंय आणि डावा रोलर वाटेल तेव्हा कटकट करतो. बैठक अजून भरते. नवी माणसं येतात, पाठीचं लाकूड घेऊन. आपल्यासारखा मूर्ख दुसरा नाही, असं प्रत्येकाला वाटत असतं. मीटर त्यांना मेव्हण्याची गोष्ट सांगतो आणि त्यांचा तो गैरसमज दूर करतो.

तुमचाही फोन असाच गुरगुरत असेल, तर या कधीतरी. दार उघडंच असतं. डाव्या बाजूला मात्र फार रेलू नका.