घारीचा खिसा

नूरीनच्या अंगठ्याला निवांत बसणं माहीत नव्हतं. सांगलीच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवायची आणि मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडायचा, असा तिचा नेम. मोबाइलमध्ये तिचं वेगळंच राज्य होतं. 'रानघार' नावाच्या चित्रकथेच्या चाहत्यांचं पान ती चालवायची. चाळीस हजार माणसं त्या पानावर होती. पण पान चालवणारी 'घारनजर' म्हणजे साताऱ्याच्या जैनुद्दीन शिंप्याची नात, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

रानघार म्हणजे पंख पसरून डोंगरावरून झेपावणारी, अडल्यानडल्याच्या हाकेला धावणारी बाई. नूरीन आठ वर्षांची असल्यापासून तिच्या नादी लागलेली. कागदावरची रानघार उंच, गोरीपान, अंगात काळा झगमगता पोशाख. तिच्यावर चित्रपट निघतोय हे कळल्यावर नूरीनचे पाय महिनाभर जमिनीला लागले नाहीत. मग पहिला फोटो आला आणि ती दाणकन खाली आली.

फोटोत आटपाडीची कुणी माया नावाची पोरगी होती. सावळी, बुटकी, गावोगावच्या पथनाट्यांत काम केलेली. आणि अंगात काय, तर मातकट रंगाचा जाडाभरडा पोशाख! चाहते नुसते तुटून पडले. "ही घार की चिमणी?" "पोशाख बँडवाल्यांकडून भाड्यानं आणला काय?" एकानं तर फोटो मोठा करून छातीच्या डाव्या बाजूला लाल गोल काढला. मायानं दोन्ही हात वर केले होते, कापड ताणलं गेलं होतं आणि आतून एका चौकोनाची शिवण उमटली होती. पोशाखाच्या आत चक्क खिसा होता.

नूरीननं अर्धी पोळी हातात धरूनच लिहिलं, "घारीला खिसा कशाला? आटपाडीचा एसटी पास ठेवायला?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिची नानी म्हणायची. आता जिभेच्या जागी अंगठा आलाय, एवढाच काय तो फरक. एका ओळीत पोशाखही उडाला आणि पोरगीही उडाली. संध्याकाळपर्यंत दोन लाख माणसं त्यावर हसून गेली होती. कुणी मायाच्या शेजारी कंडक्टरचं चित्र जोडलं, कुणी घारीच्या चोचीत पास दिला. खोटं कशाला बोला, नूरीनला फार बरं वाटलं. लॅबमधल्या पोरीसुद्धा तीच ओळ एकमेकींना वाचून दाखवत होत्या आणि ही गालात हसत नळ्या पुसत होती.

दोन आठवड्यांनी शनिवारी ती साताऱ्याला घरी आली. लहानपणापासून ती नाना-नानीकडेच वाढलेली. एसटीतून उतरून दारात चप्पल काढते तोच नूरजहां नानीनं तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"तुझा नाना चार दिस झालं दुकानात गेला न्हाई. चहा बी अर्धा ठेवतोय. मशीन चहावाल्या मानसिंगच्या भाच्याला देऊन टाकायची म्हनतोय."

नूरीनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. जैनुद्दीन नानांनी बावीस वर्षं पलटणीत शिंपीकाम केलेलं, आणि तिथून आल्यावर पोवई नाक्याजवळच्या दुकानात अठ्ठावीस. त्या मशीनवर त्यांनी कधी कुणाला हात ठेवू दिला नव्हता.

"का? झालं काय?"

"इचारलं तर म्हनतो, डोळं गेलं आता. डोळं काय काल गेलं व्हय? मुंबईवरनं कसलं तरी पार्सल आलंय, तवापास्नं ह्ये असं. पलंगाखाली सारलंय, उघडत बी न्हाई."

रविवारी सकाळी नानांनी आपणहून हाक मारली. पार्सल त्यांच्या काखेत होतं.

"नूरीन, दुकानात चल जरा. उसवायचं काम हाय. मला टाकं दिसत न्हाईत."

दुकानात नानांनी शटर अर्धंच वर घेतलं. पार्सल तिच्या हातात दिलं आणि स्वतः मशीनपुढं न बसता गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर जाऊन बसले. नूरीननं सुतळी कापली, कागद सोडवला. आत मातकट रंगाचा जाड पोशाख होता. पाठीला पंखांच्या पट्ट्या होत्या.

तिनं तो ओळखला. चाळीस हजार माणसांत तिच्याइतकं बारकाईनं तो कुणी पाहिला नसेल.

"नाना, हे तुमच्याकडं कसं?"

"मीच शिवलंय." नाना जमिनीकडं बघत म्हणाले. "त्यांचं शूटिंग हुतं हिकडं डोंगरावर. आदी दुसरीच कोन बाई हुती म्हनं, ती गेली सोडून. तिच्या मापाचं ह्या पोरीला हुईना, आन डोंगरात दोन दिसांत फाटलं बी. मग जाड कापडाचा शिंपी हुडकत आलं माझ्याकडं. कुनाला सांगायचं न्हाई म्हनून कागदावर सही घेतली. सही केली की तोंडाला कुलूप. तुज्या नानीला बी सांगितलं न्हाई. तू बी तोंड मिटून ठीव."

"मग आता परत का आलंय?"

"खिसा काढाय. फोन आला हुता, लोक हासत्यात म्हनं."

नूरीननं पोशाख उलटा केला. डाव्या अंगाला, काळजावर, अस्तराच्या कापडाचा लहानसा खिसा होता. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना दोऱ्याचे बारीक त्रिकोण भरलेले. त्या त्रिकोणांवरून तिनं बोट फिरवलं.

हा खिसा तिच्या दहावीच्या युनिफॉर्मला होता. तिनं त्यात हॉल तिकीट ठेवलं होतं. सांगलीला नोकरीला निघाली तेव्हा शिवलेल्या चारही ड्रेसना होता. पलटणीतला माणूस सुट्टी संपवून निघाला, की नाना त्याच्या सदऱ्याला आतून असा खिसा शिवायचे. चार घड्या घातलेलं घरचं पत्र बसेल एवढा. कुणी सांगितलेला नसायचा आणि शिलाईत धरलेला नसायचा. घातल्यावर कधीतरी त्या माणसाचा हात आपोआप तिथं जायचा. घरापासून लांब जाणाऱ्याचं कापड नानांच्या हाताखालून गेलं आणि त्याला खिसा लागला नाही, असं कधी झालं नव्हतं. आज अंगात असलेल्या कुर्त्यालाही तो होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! फोटो मोठा करकरून बघणाऱ्या बाईला स्वतःच्या छातीवरचा खिसा आठवला नव्हता.

"मानसिंग आला हुता दुकानात," नाना सांगू लागले. मानसिंग म्हणजे शेजारचा चहावाला, निवृत्त हवालदार. "फोन घिऊन आला. म्हनला, मास्तर, ह्ये बगा कसला इनोद केलाय. घारीला खिसा कशाला, आटपाडीचा एसटी पास ठेवायला? आन लय हासला. त्याला काय ठाऊक कुनी शिवलंय ते. मला बी हासावं लागलं त्याच्यासंगं."

नूरीनला हातातली कात्री जड झाली. नानांना हसावं लागलं, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

"उसव," नाना म्हणाले.

तिनं पहिला टाका तोडायला खिशात बोट घातलं, तर आत काहीतरी होतं. घडी केलेला कागद, आणि कागदात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, कडा झिजलेलं कार्ड. कार्डावर दोन वेण्या घातलेल्या पोरीचा फोटो होता. एसटीचा विद्यार्थी पास. आटपाडी ते विटा.

"काय हाय?" नानांनी विचारलं.

नूरीननं कागद उघडला. नानांना ऐकू जाईल असं ती वाचू लागली.

"शिंपीकाका, खिसा काढायचं ठरलंय. मला कुणी विचारलं न्हाई. पहिल्या दिवशी डोंगरावर उभी हुते, खाली सगळी आनोळखी मानसं, आन मला आदल्या बाईच्या जागी घेतल्याली. लय भ्या वाटत हुतं. तवा माजा हात खिशात गेला. वाटलं, हितं माजं कुनीतरी हाय. लोक इचारत्यात, खिशात काय, आटपाडीचा एसटी पास ठेवणार का. म्हनून म्हटलं, ठेवूयाच. ह्याच पासावर तीन वर्षं नाटकाच्या तालमीला गेले. खिसा काढलाच, तर पास तुमच्याकडंच जपून ठेवा. तुमची माया."

बाहेर एक रिक्षावाला गिऱ्हाइकाशी तावातावानं बोलत होता. नानांनी हात पुढं केला. नूरीननं पास त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, दिसला नाही म्हणून नुसता अंगठ्यानं चाचपला.

"नाना," नूरीन म्हणाली, "ते मी लिवलंय."

"काय?"

"पासचं. मानसिंगकाकांनी वाचलं ते. मीच लिवलंय."

 नानांनी पास मांडीवर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

"किती जन हासलं?" त्यांनी विचारलं.

"दोन लाख. आता जास्तच."

"खिसा दिसला, ही माजी चूक. ताणणाऱ्या कापडावर मी पलटणीच्या कापडागत टीप मारली. आतला खिसा भाईर दिसला, की शिंप्याची लाज गेली. लोक हासनारच. त्याचं मला काय न्हाई." मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "पन खिसा कशाला, असं इचारलंस तू. बाळ, ते तर तुला ठाऊक हुतं."

नूरीनला रडू फुटलं. लॅबमध्ये ढसाढसा रडणारी माणसं ती रोज बघायची, पण स्वतःचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. नाना उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा त्यांच्या हाताला येणारा वास तिला लहानपणापासून पाठ होता.

"रडू नगंस. कापडावर डाग पडतील," ते म्हणाले. "डोळं पूस आन जुना खिसा उसव. पर नीट. कापडाला भोक पडाय नगं."

"काढायचा?"

"ह्यो काढायचा. त्यास्नी खिसा दिसाय नगं. बराबर हाय त्यांचं. दिसनार न्हाई असा शिवू. त्या पोरीला मोकळी लावून द्यायची व्हय?"

असं म्हणून जैनुद्दीन नाना बाकड्याकडं न वळता मशीनपुढं जाऊन बसले. नूरीननं शटर पूर्ण वर ढकललं, कारण त्यांना उजेड लागणार होता.

दुपारपर्यंत दोघं त्या एका खिशाशी झटत होते. पोशाखाला खिसा शिवायचाच नाही, खांद्याच्या शिवणीतून एका फितीवर आत लोंबता सोडायचा, असं नानांनी ठरवलं. म्हणजे छातीचं कापड कितीही ताणलं तरी वर काही उमटणार नाही. त्यासाठी कापड मऊ हवं होतं. नूरीननं आपल्या जुन्या ओढणीचा पदर कापून दिला. टाके तिनं घातले; नाना बोटांनी चाचपून सांगत होते. एक टाका लांब पडला, तो त्यांनी उसवायला लावला. दुसराही उसवायला लावला. तिसऱ्याला "हां" म्हणाले. कोपऱ्यांचे त्रिकोण मात्र त्यांनी स्वतः भरले, डोळे मिटून.

मध्येच मानसिंग चहा घेऊन डोकावला. नूरीननं झटकन पोशाखावर चादर टाकली.

"मास्तर, दुकान उघडलं व्हय! बरं झालं. भाच्याला काय सांगू, मशीनचं?"

"दुसरीकडं बघ म्हनावं," नाना म्हणाले.

पास परत खिशात ठेवण्याआधी नूरीननं मायाच्या चिठ्ठीच्या मागं चार ओळी लिहिल्या. "एसटी पासची ओळ मी लिहिली होती. खिसा माझ्या नानांनी शिवलाय, हे मला माहीत नव्हतं. पण माहीत नसतानाही लिहायला नको होतं. माझ्याही कुर्त्याला असाच खिसा आहे. माफ कर. नूरीन." चार घड्या घातल्या. खिशात बरोबर बसलं.

सांगलीला परतल्यावर तिनं आपल्या पानावरची ती ओळ काढून टाकली. पण सुटलेला शब्द कुठं हाती लागतो! ती ओळ दुसऱ्यांच्या पानांवर फिरतच राहिली. खरं काय ते लिहावं असं तिला रोज वाटायचं, आणि रोज नानांची सही आठवून ती गप्प बसायची.

दीड महिन्यानं नवा फोटो आला. माया डोंगराच्या कड्यावर उभी होती, पाठीवर पंख उघडलेले. तोच मातकट पोशाख. चाहत्यांनी आधी मोठा करून डावी बाजू पाहिली. कापड सपाट होतं. पानावर नुसता जल्लोष उसळला. "खिसा गेला!" "त्यांनी आपलं ऐकलं!" "घारनजर ताई, हा तुमचा विजय!" दोघांतिघांना मात्र एक खटकलं होतं. उडायला निघालेल्या घारीचा एक हात वर आहे, मग दुसरा असा छातीवर का ठेवलाय? ही कसली उभं राहायची पद्धत?

नूरीन लॅबच्या जिन्यात बसून तो हात कितीतरी वेळ बघत राहिली. माफी मिळाली होती. ती कुणाला दाखवता येणार नव्हती, आणि दाखवावी असं तिला वाटतही नव्हतं. तिचा स्वतःचा हात नकळत कुर्त्याच्या डाव्या बाजूला गेला होता. तिनं नानांना फोन लावला.

"नाना, नवा फोटू आला."

पलीकडं मशीनचा आवाज थांबला. "खिसा दिसतोय का?"

"न्हाई. अजाबात दिसत न्हाई. पन तिनं हात ठेवलाय त्याच्यावर."

 नाना म्हणाले, "मंग जमलं. ठीव फोन. भरतीला निगाल्यालं पोरगं हुबं हाय दारात, त्याची मापं घ्यायचीत."