मीरासाहेबाच्या जीपचं तेल

भर बाजाराच्या दिवशी मीरासाहेबाने आपली जीप चांगदेवच्या गॅरेजसमोर आडवी लावली, खाली वाकून इंजिनाच्या मागच्या बाजूला पत्र्याचा डबा सरकवला आणि बोनेटवर थाप मारून ओरडला, "या रं, बघा! चांगदेव मिस्त्रीची कारागिरी बघा! फुकटचा अभिषेक चाललाय!"

डब्यात टप् झालं. मग पुन्हा टप्. शिरूरचा बाजार म्हणजे काय, भाजीची पिशवी खाली ठेवून लोक बघायला थांबले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. चांगदेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मीऱ्या, डबा उचल."

"का? लाज वाटती? तेल क्लचवर जातंय, घोड नदीच्या पुलावर जीप चढंना. पाशिंजर उतरून धक्का मारत्यात. आन् तू म्हणतोस सील बसवलंय. सील बसवलंय का गोधडी शिवलीय?"

हे दोघे एकाच ट्रकवर क्लीनर म्हणून लागलेले, एकाच ताटात जेवलेले. म्हणून तर बोलणं इतकं लागत होतं. परक्याने शिवी दिली असती तर चांगदेवने पाना फेकून मारला असता आणि मोकळा झाला असता. त्याची ती ख्यातीच होती. पण मीरासाहेबावर पाना कसा फेकणार? त्याने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता शेवटचं करतो. या खेपेला एक थेंब जरी गळला, तर ही गॅरेजची पाटी मी माझ्या हातानं उतरवीन. परत पान्याला शिवणार न्हाई!"

मीरासाहेब म्हणाला, "सगळ्यांनी ऐकलंय." डबा त्याने उचलला नाही तो नाहीच.

जीप जुनी होती, लष्कराच्या लिलावातली. मीरासाहेब ती शिरूर ते दौंड वडापला, वाटेतले पाशिंजर भरत, चालवायचा. उन्हाळ्यात त्याचा पाय मोडला, प्लास्टर पडलं आणि जीप इनामगावच्या घरी शेडात उभी राहिली. पाय बरा झाल्यावर सुरू केली, तर मागून तेल गळायला लागलं. तेव्हा चांगदेव स्वतः एसटीने इनामगावला गेला होता. जीपखाली पडल्या पडल्याच त्याने निकाल देऊन टाकला होता, "मागचं सील गेलंय."

त्या वेळी मीरासाहेबाची बायको हमीदा चहा घेऊन आली होती. कप खाली ठेवून ती घुटमळली. "भाऊजी, एक सांगायचं हुतं. त्या वरच्या..."

"भाभी, इंजिनाचं मला कळतं. तुम्ही साखर बघा, कमी पडलीय."

ती हसली, कप घेऊन आत गेली आणि साखर घालून परत आली. सांगायचं ते तसंच राहिलं.

या जुन्या इंजिनांना मागे रबराचं सील नसायचं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, टोकाशी खाच असते, तिच्यात ग्राफाइटची जाड दोरी बसवतात. दोरी आधी तेलात मुरवायची, गोल लाकडाने दाबत दाबत खाचेत बसवायची आणि टोकं केसभर वर ठेवून ब्लेडने कापायची. जास्त ठेवली तर वरून आवळायची बेअरिंगची टोपी बसत नाही, कमी ठेवली तर तेल वाट काढतं. या कामात चांगदेवचा हात धरणारा शिरूरपासून दौंडपर्यंत कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. गिअरबॉक्स उतरवून, फ्लायव्हील काढून त्याने दोरी बदलली. तेल गळलं. मग क्रँकच खराब म्हणून त्याने तो दौंडला लेथवर नेऊन पॉलिश करून आणला, नवी दोरी घातली. तरी गळलं. त्यावर बाजारातला तो पाणउतारा.

आता शेवटची दोरी त्याने दात-ओठ खात बसवली. जीप मीरासाहेबाच्या ताब्यात दिली तेव्हा तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थोड्याच दिवसांनी मीरासाहेबाचा निरोप आला. निरोप कसला, एकच वाक्य होतं. पाटी उतरवायला शिडी हाय का माझी पाठवू?

चांगदेव तसाच इनामगावला गेला. अंगणात जीप उभी, खाली तोच डबा, आणि त्याच्याशेजारी खाटेवर मीरासाहेब पाय हलवत बसलेला.

"चालू कर!" चांगदेव गरजला.

इंजिन सुरू झालं. टप्. टप्. चांगदेव खाली वाकला, वर उठला, पुन्हा वाकला. रागाने त्याला काय करावं सुचेना. हाताशी आलं ते त्याने ओढलं. ते इंजिनात तेल ओतायच्या तोंडाचं झाकण होतं. त्याने ते उपसून अंगणात भिरकावलं, आणि त्या तोंडातून भस्सकन धूर बाहेर आला.

खालची टपटप थांबली.

चांगदेव जागीच थबकला. झाकण उचलून परत लावलं. थोड्या वेळाने टप् झालं. काढलं, थांबलं. इंजिनाच्या पोटात हवा कोंडली होती आणि तीच तेलाला मागून बाहेर ढकलत होती. दोरी बिचारी निर्दोष होती! चांगदेव निर्दोष होता! हवा बाहेर जायला इंजिनाला नाक असतं, वरच्या अंगाला एक नळी असते. ती साफ ठेवा म्हणून तर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. त्याने नळीच्या तोंडाशी बोट घातलं. बोट आत जाईना. वाळलेली माती होती, इंजिनाच्या धगीने विटेसारखी भाजलेली.

"ये मीऱ्या! ये इकडं!" आनंदाने आणि संतापाने त्याचा आवाज फाटला. "तुझ्या जीपचं नाक बुजलंय आन् तू माझं कापत हिंडतोस व्हय? भर बाजारात? बघ, काय निघतंय ते बघ!"

"चाचा, नका!" घरातून सुमैया धावत आली. मीरासाहेबाची सून, पोटाशी हात धरलेली. पण चांगदेवच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि डोक्यात बाजार होता. त्याने दोन दणके दिले. माती फुटली, ढेकळं अंगणात पडली. इंजिनाने मोकळा श्वास सोडला.

"आता म्हण! कुणाची पाटी उतरवायची, म्हण की!"

मीरासाहेब बायकोकडे बघत राहिला. नळीतल्या मातीचं त्यालाही ठाऊक नव्हतं. सुमैया खाली बसली आणि ती काळी, तेलकट ढेकळं ओढणीत गोळा करू लागली. दोनदा दिवस राहूनही मूल टिकलं नव्हतं तिचं. उन्हाळ्यात जीप उभी असताना कुंभारीण माशीने त्या नळीत मातीचं घर केलं आणि त्याच महिन्यात सुमैयाला पुन्हा दिवस गेले. घरात बाई पोटुशी असली की कुंभारणीचं घर मोडायचं नसतं, हे त्या गावात कुठल्याही घरात लहान पोरही सांगेल.

हमीदा उंबऱ्यात उभी होती. तिचा आवाज चढला नाही.

"पयल्याच दिवशी सांगत हुते, भाऊजी. वरच्या नळीत कुंभारणीनं घर केलंय, पोरीचं बाळंतपण होईतो तेवढं राहू द्या, असं. ती नळी कशाची, मला काय ठावं? तुम्ही म्हणलात, साखर बघा."

चांगदेवला तिचा राग आला. मग मीरासाहेबाचा आला, मग त्या माशीचा. ऐकून घेतलं असतं, तर नळीच सोडवून घरासकट सुमैयाच्या हातात दिली असती आणि दुसरी बसवली असती. किती वेळचं काम? चार आट्यांचं. राग तसाच उकळत राहिला, आणि काढायचा कुणावर ते मात्र त्याला कळेना.

"चांग्या, चल घरात. ऱ्हाऊ दे आता," मीरासाहेब हळू म्हणाला.

पण तो गेला नाही. सुमैयाकडे बघायला नको म्हणून तो जीपखाली सरकला आणि इंजिनाचं बूड बघत पडून राहिला. इंजिन चालू होतं. मागचं टोक कोरडं ठणठणीत होतं, त्याने बसवलेली दोरी एक थेंब सोडत नव्हती. एक तरी थेंब पडावा, असं त्याला आतून वाटत होतं. डब्यात काहीच वाजलं नाही.